तुलांबेन: होडी न घेता सात डाइव्ह

ताईने लॅपटॉपवर आमच्या स्कूबा-सहलीच्या खर्चाचा तक्ता उघडला आणि ‘बोट’ लिहिलेली अख्खी ओळ उडवून टाकली. “आता बघ बेरीज,” म्हणाली. बेरीज जवळजवळ निम्म्यावर आली होती.

ताई म्हणजे माझी आतेबहीण. ठाण्याला एका सहकारी बँकेत आहे आणि पैशाच्या बाबतीत तिच्याशी वाद घालायचा नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. स्कूबाचा पहिला धडा आम्ही दोघींनी तारकर्लीत घेतला. पुढे अंदमानात ॲडव्हान्स्ड कोर्स केला, त्यात एक रात्रीची डाइव्ह होती. ती अर्धी भीतीतच गेली. काय पाहिलं असं कुणी विचारलं तर प्रामाणिक उत्तर ‘पुढच्याच्या पायातले फिन्स’ एवढंच होतं. तेव्हापासून डोक्यात होतं की रात्रीचं पाणी पुन्हा एकदा नीट बघायचं.

अडचण होती खर्चाची. रात्री होडी काढायची तर डिझेल आलं, खलाशी आले, आणि चार-सहा गिऱ्हाइकं जमल्याशिवाय कुणी ती काढत नाही. म्हणून अशी जागा हवी होती, जिथे सिलिंडर पाठीला लावून चालत चालत समुद्रात उतरता येईल. शोधताना तीन नावं पुन्हा पुन्हा आली: इजिप्तमधलं दाहाब, कॅरिबियनमधलं बोनेर आणि बालीच्या ईशान्य किनाऱ्यावरचं तुलांबेन. बोनेरच्या विमानभाड्याचा आकडा बघून ताई नुसती हसली. बाली जमण्यासारखं होतं. व्हिसा पोचल्यावर मिळतो (५ लाख रुपिया), वर बेटाची पर्यटक पट्टी दीड लाख. आकडे ऐकून दचकायचं नाही. आम्ही गेलो तेव्हा लाख रुपियाचे साधारण सव्वापाचशे रुपये होत होते.

बहुतेक लोक दक्षिण बालीत, कुटा-सानूरकडे उतरतात आणि तिथून एका दिवसात तुलांबेनची फेरी करून येतात. आम्हीही आधी तोच भाव विचारला. दोन डाइव्ह, गाडी, जेवण मिळून माणशी १८ लाख रुपिया, आणि रात्रीची डाइव्ह त्यात बसतच नाही, कारण चारला गाडी परत निघते. तुलांबेनमध्येच मुक्काम करायचा तर होमस्टे दोघींत ३ लाख, नाश्त्यासकट. गाइड आणि सगळं सामान धरून दिवसाची डाइव्ह ४ लाख, रात्रीची साडेचार. ताईने एवढं ऐकलं आणि विषय संपवला.

एका ठिकाणी मात्र मी तिचं ऐकलं नाही. आपल्या साध्या प्रवास विम्यात स्कूबा बहुधा नसतं, किंवा असलं तरी उथळ पाण्यापुरतं. त्याचा वेगळा विमा काढला. पाण्याखालून चुकीच्या वेगाने वर आलो आणि अंगात मुरलेल्या नायट्रोजनचा त्रास झाला तर उपचाराला लागणारा दाबकक्ष बालीच्या राजधानीत, देनपसारला, म्हणजे तुलांबेनपासून अडीच-तीन तासांवर. त्याचा खर्च खिशातून करायची वेळ आली तर वाचवलेले सगळे लाख एका रात्रीत जातील.

दिवस पहिला

मुंबईहून क्वालालंपूर आणि तिथून देनपसार. घड्याळ अडीच तास पुढे. विमानतळावरून ठरवलेली गाडी सुमारे शंभर किलोमीटरला ६ लाख रुपिया. करंगआसेम जिल्हा लागला तशी भातखाचरं मागे पडली आणि दगड सुरू झाले. काळे, सच्छिद्र, ज्वालामुखीचे. डावीकडे गुनुंग आगुंग हा ज्वालामुखी, तीन हजार मीटरहून उंच, माथा ढगात. इथल्या लोकांना दिशा विचारली तरी डोंगराकडची बाजू आणि समुद्राकडची बाजू अशीच सांगतात. आपल्या कोकणात वरच्या अंगाला, खालच्या अंगाला म्हणतात, तसंच.

त्या दिवशी पाण्यात उतरलो नाही. रात्रभर विमानात अवघडलेलं, झोप नाही, अंगातलं पाणी कमी. अशा वेळी डाइव्ह करू नये. नुसत्या किनाऱ्यावर गेलो. वाळू नाहीच, नारळाएवढे गोटे, लाट मागे सरताना खडखडतात. साध्या चपलेने दहा पावलं चालले आणि आदळले. घोट्यापर्यंतचे जाड तळव्यांचे बूट सोबत आणा असं सगळे का सांगतात, ते त्या दहा पावलांत कळलं.

दिवस दुसरा

सकाळी दुकानात कागदपत्रं, आरोग्याचा फॉर्म, शेवटची डाइव्ह कधी केली होती त्याची चौकशी. आमच्या लॉगबुकात मधे चौदा महिन्यांचा खड्डा होता, म्हणून गाइडने पहिली डाइव्ह ‘कोरल गार्डन’ला लावली. उथळ, सोपी, गुडघ्यावर बसून मास्कमधलं पाणी काढून दाखवा, रेग्युलेटर, म्हणजे श्वास घ्यायला तोंडात धरायचं साधन, काढून परत लावा. बालीत पहिल्या मुलाला वायान म्हणतात. दुकानात ‘वायान!’ अशी हाक आली की तिघं वळून बघायचे. आमचा गाइड त्यातलाच एक.

इथे मी पहिल्यांदा सिलिंडर उचलणाऱ्या बायका पाहिल्या. भरलेला ॲल्युमिनियमचा सिलिंडर सोळा-सतरा किलोचा. वर तरंगण्यासाठी हवा भरायचं जॅकेट आणि रेग्युलेटर जोडलेलं. पन्नाशीची एक बाई आली, डोक्यावर कापडाची चुंबळ ठेवली, अख्खा संच आडवा उचलून डोक्यावर घेतला आणि त्या गोट्यांवरून रबरी स्लिपरने चालायला लागली. दुसरीने दोन नेले. मी हातात फक्त फिन्स आणि मास्क घेऊन त्यांच्या मागे अडखळत होते. या बायकांचा गावात संघ आहे, उचलण्याचे पैसे ठरलेले आहेत आणि ते बिलातच धरतात. स्वतः उचलून ते वाचवू या असं कुणाच्या मनात येऊ नये. आमच्या आलं होतं, तक्त्यातून ‘पोर्टर’ हीसुद्धा ओळ उडवलेली होती. ताईने गुपचूप ती परत घातली.

किनाऱ्यावरून उतरायची युक्ती अशी: मास्क डोळ्यांवर, रेग्युलेटर तोंडात, जॅकेटमध्ये थोडी हवा, फिन्स हातात. लाटा मोजायच्या. दोन-तीन मोठ्या येऊन गेल्या की मधे थोडी उसंत मिळते, तेवढ्यात कंबरभर पाण्यापर्यंत जायचं, एकमेकींच्या खांद्याला धरून फिन्स चढवायचे आणि लगेच तरंगायचं. गुडघाभर पाण्यात विचार करत उभं राहिलं की समुद्र खाली पाडतोच. मला दोनदा पाडलं.

दुपारी ‘ड्रॉप-ऑफ’. जुन्या लाव्हाची भिंत, किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर सुरू होऊन सरळ खोल जाणारी. माझ्या डाव्या कानातला दाब पाण्याच्या दाबाशी जुळत नव्हता, त्यामुळे मी वरच्या टप्प्यातच राहिले आणि बाकी दोघं माझ्यासाठी थांबले. त्याबद्दल आणखी लिहिण्यासारखं काही नाही.

दिवस तिसरा

या दिवसासाठीच सगळा खटाटोप होता. पहाटे साडेपाचला दुकानात, सहाला पाण्यात. सहा वाजता कारण दक्षिणेतून निघालेल्या गाड्या साडेनऊ-दहाला पोचतात आणि मग तीनपर्यंत त्या जहाजाभोवती जत्रा भरते.

जहाज म्हणजे ‘लिबर्टी’. दुसऱ्या महायुद्धात ‘लिबर्टी’ नावाच्या वर्गाची अडीच हजारांवर मालवाहू जहाजं बांधली, त्यातलं हे असावं असं नावावरून वाटतं. पण हे १९१८ सालचं, अमेरिकन लष्कराचं मालवाहू. ११ जानेवारी १९४२ला लोंबोक सामुद्रधुनीजवळ जपानी पाणबुडीने त्याला टॉर्पेडो मारला. पोटात रेल्वेचे सुटे भाग आणि रबर. एका अमेरिकन आणि एका डच विनाशिकेने ओढून ते सिंगराजा बंदराकडे न्यायला घेतलं, पण पाणी इतकं शिरत होतं की वाटेतच तुलांबेनच्या किनाऱ्यावर चढवावं लागलं. तिथे ते एकवीस वर्षं पडून होतं. १९६३ला आगुंगचा उद्रेक झाला, हजारावर माणसं गेली, आणि त्या हादऱ्यांनी जहाज घसरून पाण्यात गेलं. म्हणून ते किनाऱ्यापासून जेमतेम तीस मीटरवर आहे. वरचा भाग पाचेक मीटर खोल, तळ तिशीच्या आसपास, लांबी सव्वाशे मीटरच्या घरात. ज्या डोंगराने गाव पुरलं, त्यानेच गावाला पुढच्या पिढ्यांचा पोटापाण्याचा धंदा दिला. गाइडला मी तसं म्हटलं. तो म्हणाला, आजीला हे आवडलं नसतं. मग मीही गप्प बसले.

खाली अजून निळसर अंधार होता. आधी आवाज आला, खडीच्या रस्त्यावरून बैलगाडी जावी तसा करकर. मग जहाजाच्या सांगाड्यामागून ते आले: कपाळावर टेंगूळ असलेले मोठे पोपटमासे, बम्पहेड. एकेक चार फुटांकडे झुकणारा, पुढचे दात उघडे, चेहरा कुणावर तरी रागावलेल्या काकांसारखा. रात्री ते जहाजाच्या आडोशाला झोपतात आणि उजाडलं की प्रवाळ चावायला बाहेर पडतात. चावलेलं प्रवाळ पोटातून बारीक वाळू होऊन बाहेर येतं. समोरच एकाने ढगभर वाळू सोडली आणि ताईने मास्कमधून माझ्याकडे बघितलं. पाण्याखाली हसलं की मास्कमध्ये पाणी शिरतं. साडेसातला आम्ही बाहेर आलो, तेव्हा किनाऱ्यावर आमच्याखेरीज दोनच गट होते.

दुपारभर झोप. वारुंगात, म्हणजे साध्या खानावळीत, नासी चांपूर, म्हणजे भाताभोवती जे असेल ते. आंबवलेल्या सोयाबीनचं गुळचट तेंपे आणि कच्च्या कांद्या-मिरचीचं सांबाल मताह. ताईने सांबालची कृती लिहून घेतली.

संध्याकाळी त्याच जहाजावर रात्रीची डाइव्ह. मे महिन्यात इथे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. आम्ही साडेसहाला उतरलो. पूर्ण अंधारात उतरण्यापेक्षा संधिप्रकाशात उतरलं की डोळे आणि मन दोन्ही हळूहळू सरावतात. उतरण्याआधी किनाऱ्यावर टॉर्चच्या खुणा घोकल्या: टॉर्चने मोठं वर्तुळ काढलं तर ठीक, आडवी जोरात हलवली तर इकडे बघ. कुणाच्या डोळ्यांवर उजेड टाकायचा नाही. प्रत्येकीकडे दोन टॉर्च, सिलिंडरला मागे एक छोटा दिवा. सिलिंडरमध्ये २०० बार दाबाने सुरुवात, १०० झाले की परत फिरायचं. आणि किनाऱ्यावर सिलिंडर उचलणाऱ्या बाईजवळ एक कंदील, बाहेर कुठे यायचं ते कळावं म्हणून.

माझी मोठी टॉर्च मी ऑनलाइन घेतली होती. पेटीवर लिहिलं होतं शंभर मीटरपर्यंत चालेल. नऊ मीटरवर काचेच्या आत एक थेंब दिसला, मग दोन, मग उजेड पिवळा झाला आणि गेला. अंधार म्हणजे काय ते त्या तीन सेकंदांत कळलं. आपलाच श्वास फार मोठा ऐकू येतो. खिशातली लहान टॉर्च काढली, वर्तुळ काढून गाइडला दाखवलं. त्याने माझी मेलेली टॉर्च घेतली, स्वतःची मला दिली, आणि लहानवर तो चालला. दुकानाची टॉर्च त्या साडेचार लाखांतच होती. मी हट्टाने माझी नेली होती.

त्यानंतर मात्र मी खरंच पाहिलं. दिवसा दहा-बारा मीटर खाली लाल रंग उरत नाही, पाणी तो आधीच गिळतं, सगळं राखी-निळं दिसतं. रात्री उजेड हातभर अंतरावरून पडतो, त्यामुळे तोच सांगाडा शेंदूर फासल्यासारखा दिसत होता. दिवसा मिटलेली प्रवाळाची तोंडं उघडलेली, बारीक बोटं हलताहेत. एका कपारीत पोपटमासा झोपला होता, अंगाभोवती स्वतःच्याच बुळबुळीत द्रवाचा पारदर्शक बुडबुडा विणून. मच्छरदाणीत झोपलेल्या माणसासारखा. टॉर्च बाजूला वळवून आम्ही पुढे गेलो. लोखंडी तुळईवर अंगभर स्पंजचे तुकडे चिकटवलेला एक खेकडा, उजेड पडला की दगड होणारा. आणि शेवटी, बाहेर यायच्या वाटेवर, ‘स्पॅनिश डान्सर’: वीतभर लांबीची लाल गोगलगाय, शंख नसलेली, तळावरून सुटून पाण्यात झालर हलवत जाणारी. ४८ मिनिटं, सर्वांत खोल १६ मीटर. बाहेर आलो तेव्हा कंदील होता तिथेच होता. बाईने सिलिंडर डोक्यावर घेतला आणि काळोखात आमच्या पुढे चालू पडली. तिच्याकडे टॉर्च नव्हती.

दिवस चौथा

आमेद. दहा-बारा किलोमीटर, गाडी ठरवून. स्कूटर स्वस्त पडते, पण आंतरराष्ट्रीय परवाना आम्ही काढला नव्हता आणि तो नसताना चालवली तर विम्याचा उपयोग नाही. पुढच्या वेळी परवाना काढून जायचं.

आमेदला मिठागरं बघितली. आपल्यासारखे वाफे नाहीत. समुद्राचं पाणी आधी मातीवर शिंपडतात, ती खारी माती बांबूच्या मोठ्या टोपलीत भरून तिच्यातून पाणी गाळतात आणि ते दाट खारवणी नारळाच्या चिरलेल्या, पोखरलेल्या खोडांत उन्हाला ठेवतात. ओळीने मांडलेली ती खोडं लांबून पन्हाळीसारखी दिसतात. पाव किलो मीठ घेतलं.

डाइव्ह एकच, बन्युनिंगच्या किनाऱ्यावरून ‘जपानी जहाजा’ची. गलबताएवढं आहे, दहाएक मीटरच्या आत. लिबर्टीनंतर ते बघणं म्हणजे रायगडानंतर गावची गढी बघणं. पण पाणी आरशासारखं होतं आणि पोहणारी पोरं वरून आमच्याकडे बघून हात करत होती.

दिवस पाचवा

सकाळी सेराया. प्रवाळ नाही, जहाज नाही, काळ्या रेतीचा उतार नुसता. फोटोवाल्यांची ही पंढरी. गाइड धातूच्या काडीने रेतीवरच्या कचऱ्यासारख्या कशाकडे तरी बोट दाखवायचा आणि दहा सेकंदांनी त्या कचऱ्याला डोळे फुटायचे. मला मजा आली. ताईचं मत असं की ४ लाखांत जरा मोठं काहीतरी दिसायला हवं होतं.

या दिवशीच आमच्या तक्त्यातली खरी चूक सापडली. सहाव्या दिवशी पहाटे किंतामणीला जाऊन बातूर ज्वालामुखीचा सूर्योदय बघायचा, असं आम्ही रंगवून ठेवलं होतं. पाचव्या दिवशी रात्री डाइव्ह आणि पहाटे तीनला गाडीने दीड हजार मीटर उंचीवर! सलग काही दिवस डाइव्ह केल्यावर विमानापूर्वी किमान १८ तास थांबायचं, हे आम्ही पाठ केलं होतं, विमानासाठी चोवीसहून जास्त ठेवलेही होते. पण गाडीने घाट चढलं तरी हवेचा दाब कमी होतोच, अंगात मुरलेल्या नायट्रोजनला विमान काय आणि घाट काय सारखंच, हे डोक्यातच आलं नाही. गाइडने संध्याकाळचं बोलणं चालू असताना सहज विचारलं, उद्या काय? आम्ही सांगितलं. त्याने हातातला पेला खाली ठेवला. “रात्रीची डाइव्ह की किंतामणी? एकच.”

आम्ही डाइव्ह घेतली. कोरल गार्डन, बारा मीटरच्या आत. मधेच गाइडने टॉर्च छातीला धरून झाकायला सांगितली, तिघांचीही. आधी काहीच नाही. मग त्याने हात हलवला आणि बोटांमागून हिरव्या-निळ्या ठिणग्या सुटल्या. पाण्यातले सूक्ष्म जीव, हलवलं की चमकतात. कोकणात काळोख्या रात्री वल्ह्यामागे समुद्र पेटतो, तेच. पण वल्ह्यामागे बघणं वेगळं आणि त्याच्या आत असणं वेगळं. ताईने दोन्ही हात ओवाळल्यासारखे फिरवले. बराच वेळ फिरवत होती.

दिवस सहावा

कोरडा दिवस. सामान गोड्या पाण्यात धुवून वाळत घातलं आणि तीर्थगंगेला गेलो. तिथले लोक ‘तीर्ता गंगा’ म्हणतात. करंगआसेमच्या राजाने १९४६ला बांधलेले झऱ्याच्या पाण्याचे तलाव. १९६३च्या उद्रेकात तेही उद्ध्वस्त झाले होते, नंतर पुन्हा उभारले. पाण्यातल्या चौकोनी दगडांवरून लोक फोटो काढत ओळीने चालत होते. तिथे धन्यवादाला ‘सुक्स्मा’ म्हणतात, आपला ‘सूक्ष्म’. धन्यवाद सूक्ष्म का, यावर आम्ही परतीच्या वाटेवर अर्धा तास घालवला.

हिशोब: सात डाइव्हचे माणशी २९ लाख रुपिया, म्हणजे सव्वापंधरा हजार रुपये. दक्षिणेतून एका दिवसाच्या दोन फेऱ्या केल्या असत्या तर याहून जास्त गेले असते, आणि चारच डाइव्ह झाल्या असत्या, चारही भर गर्दीत. आपल्याकडे कोकणात निवतीच्या समुद्रात डाइव्हिंगसाठी नौदलाची निवृत्त युद्धनौका ‘गुलदार’ बुडवायची योजना होती, त्याबद्दल ताई मला वाटेत विचारत होती. ते किनाऱ्यापासून लांब आहे, होडी लागणारच, मी म्हटलं. तिने तोंड वाकडं केलं.

संध्याकाळी पुन्हा त्याच गोट्यांवर जाऊन बसलो, या वेळी बूट घालून. सातच्या सुमारास लिबर्टीवर कुणीतरी उतरलेलं होतं. वरून पाणी काळं, आणि त्यात एकाच जागी हिरवट उजेडाचे तीन डाग, हळूहळू डावीकडे सरकत जाणारे. कंदिलाजवळ तीच बाई बसली होती. तिने आमच्याकडे बघून विचारलं, “बेसोक?” उद्या?

मी हाताने विमान उडवून दाखवलं. तिने मान हलवली आणि सरकून आम्हाला सपाट दगडावर जागा करून दिली. एक डाग विझला.

“टॉर्च गेली कुणाची तरी,” ताई म्हणाली.

मग तो पुन्हा पेटला, जरा लहान.